प्रश्न विचारणाऱ्याचे उत्तरदायित्व

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी घरगुती शास्त्राभ्यासात भाग घेतला असेल. सायंकाळची वेळ, एखाद्या कुटुंबाची बैठकीची खोली, सतरंजीवर व खुर्च्यांवर बसलेली दहाबारा माणसे, एक गीत, एक प्रार्थना आणि मग उताऱ्याचे वाचन. समजा, लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त वाचून झाला आहे. अभ्यास चालविणारे बंधू विचारतात, "तर मग आपला शेजारी कोण?" क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणते, "प्रत्येक गरजवंत मनुष्य." "अगदी बरोबर," असे म्हणून ते पुढल्या प्रश्नाकडे वळतात. अर्ध्या तासात सहा प्रश्न होतात व सहा बरोबर उत्तरे मिळतात. शेवटची प्रार्थना होते, चहा होतो आणि मंडळी आपापल्या घरी जातात.

या सभेत चूक अशी कोणाचीच झाली नाही. उत्तरे शास्त्राला धरून होती, वातावरणही भक्तीचे होते. तथापि कोपऱ्यात बसलेल्या एका भगिनीचे सख्ख्या जावेशी वर्षभर बोलणे नाही. शेजारचे कोणते कुटुंब कोणत्या जातीतून ख्रिस्ताकडे आले, हे दाराजवळ बसलेल्या एका गृहस्थाने मुलाचे लग्न ठरविताना गुपचूप चौकशी करून पाहिले आहे. या दोघांनीही शेजाऱ्याविषयीचे उत्तर सर्वांबरोबर मान हालवून मान्य केले. वचन वाचले गेले, त्यावर चर्चाही झाली. परंतु ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. कारण त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. विचारण्याचा केवळ विधी पार पडला होता.

शास्त्राभ्यासासाठी प्रश्न तयार करणे ही एक कला आहे असे आपण समजतो आणि तिचे नियमही शिकवितो. उताऱ्यात काय आहे हे आधी पाहावे, त्याचा अर्थ काय हे नंतर विचारावे, आणि तो आपल्या जीवनाला कसा लागू पडतो हे शेवटी पाहावे, ही निरीक्षण, अर्थबोध आणि उपयोजन अशी तीन पावले अनेकांना ठाऊक आहेत. ती उपयुक्तही आहेत. परंतु कलेच्या आधी येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्याचे उत्तर आपण आधीच ठरवून ठेवले आहे असा प्रश्न दुसऱ्याला विचारणे प्रामाणिकपणाचे आहे काय? तो विचारताना आपण त्या माणसाचा आदर करतो, की त्याला वापरतो?

यावर कोणी म्हणेल, "शिक्षक शाळेत रोज हेच करतात. आपल्या मंडळ्यांतील प्रश्नोत्तरावलीत तर उत्तर प्रश्नाखालीच छापलेले असते. तीही अप्रामाणिक का?" नाही. १६४७ साली वेस्टमिन्स्टर येथे तयार झालेल्या लघुप्रश्नोत्तरावलीत १०७ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर ठरलेले आहे. पण ते ठरलेले आहे हे शिकविणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला, दोघांनाही माहीत असते. मंडळीचा विश्वास स्मरणात राहावा म्हणून योजलेली ती पद्धत आहे. त्यात लपवाछपवी नाही. परीक्षेतील प्रश्नाचेही तसेच. दोष उत्तर ठाऊक असण्यात नसून सोंगात आहे. "आपण सगळे मिळून विचार करू या," असे म्हणायचे आणि प्रत्यक्षात आपल्या मनातील वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघेपर्यंत थांबायचे, म्हणजे बाहेरून चर्चा आणि आतून प्रवचन. प्रवचन करण्यात काही वावगे नाही. ते प्रवचन म्हणून करावे.

या संदर्भात तत्त्वज्ञानाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध प्रसंग विचार करण्याजोगा आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस मेनोच्या घरच्या एका गुलाम मुलाला बोलावून घेतो. दोन फूट बाजूचा चौरस काढून, त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती असेल, असे त्याला विचारतो. मुलगा प्रथम चार फूट म्हणतो. पाहतो तर क्षेत्रफळ चौपट होते. मग तो तीन फूट म्हणतो, तेही चुकते. शेवटी आपल्याला ठाऊक नाही अशी तो कबुली देतो, आणि येथून पुढे त्याला खरी वाट सापडू लागते. त्या मुलाला न रागावता दोनदा चुकू दिले आणि त्याचे अज्ञान ही प्रगती मानली, ही या प्रसंगातील शिकण्यासारखी गोष्ट. परंतु दुसरी बाजूही आहे. अखेरच्या टप्प्यात त्या मुलाची बहुतेक उत्तरे होकाराचीच आहेत; वाट सॉक्रेटिसच दाखवितो. शिवाय तो मुलगा तेथे आला आहे तो स्वतःसाठी नव्हे. मेनो आणि सॉक्रेटिस या दोन स्वतंत्र नागरिकांच्या वादात पुरावा म्हणून त्याला उभे केले आहे. काम झाल्यावर संवाद त्याला सोडून पुढे जातो. आपल्या अभ्यासगटातही बसलेली माणसे कधी कधी अशीच आपल्या मुद्द्याचे पुरावे होऊन बसतात.

आपल्या देशाच्या परंपरेतील एक उदाहरण याहून वेगळे आहे. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना आणखी एक वर्ष आपल्याजवळ व्रतस्थ राहावयास सांगतात आणि त्यानंतर हवे ते विचारा, आम्हांला ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे म्हणतात. 'ठाऊक असेल तर' एवढ्या शब्दांत गुरूची नम्रता आहे, आणि वर्षभर एकत्र राहण्याच्या अटीत हेही सुचविले आहे की प्रश्नोत्तराला आधी परस्परांचा सहवास लागतो. आपला आणि त्यांचा विश्वास भिन्न असला तरी ही शिकवण आपण आदराने ऐकावी.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. उत्पत्तीच्या ३ ऱ्या अध्यायात मनुष्य पाप करून झाडांआड लपतो, तेव्हा सर्वज्ञ देव त्याला तो कोठे आहे असे विचारतो. ४ थ्या अध्यायात काइनाला त्याच्या भावाविषयी विचारतो. देवाला माहिती हवी होती असे कोणीच म्हणणार नाही. मग ठाऊक असूनही विचारणे हे सोंग झाले नाही काय? नाही; कारण देवाला तयार उत्तर वदवून घ्यावयाचे नव्हते, त्याला तो मनुष्य समोर यावयास हवा होता. आदामाचा ठावठिकाणा देवाला ठाऊक होता. परंतु आदाम बाहेर येऊन खरे बोलेल, की हव्वेवर ढकलेल, ही निवड आदामाची होती आणि देवाने ती त्याच्याकडून काढून घेतली नाही. माणसाला बाहेर येण्यास जागा करून देणारा प्रश्न आणि त्याला आपल्या उत्तराकडे ढकलणारा प्रश्न यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

प्रभु येशूच्या प्रश्नांतही हेच दिसते. मार्काच्या १० व्या अध्यायात जब्दीचे पुत्र याकोब व योहान त्याच्याकडे येतात, तेव्हा मी तुमच्यासाठी काय करावे, असे तो विचारतो. त्याच अध्यायाच्या शेवटी आंधळा बार्तीमय हाक मारतो, तेव्हा त्यालाही तो हेच विचारतो. प्रश्न एकच; परंतु दोघे भाऊ वैभवाच्या आसनांची मागणी करतात आणि रस्त्याच्या कडेचा भिकारी दृष्टी मागतो. त्या एका प्रश्नाने तिघांचीही अंतःकरणे उघडी झाली. योहानाच्या ५ व्या अध्यायात ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाला बरे व्हावयाचे आहे काय, असे येशू विचारतो. वरवर पाहता हा प्रश्न अनावश्यक वाटतो. पण तो मनुष्य सरळ होकार देत नाही; तळ्यात उतरविणारे आपले कोणी नाही, हे आपले एकाकीपण सांगतो. खरा प्रश्न हे असे करतो. आपण अपेक्षिलेले नसते तेच समोरच्याच्या तोंडून निघते.

आता ज्या दृष्टान्तापासून आपण आरंभ केला त्याकडे परत जाऊ. त्याची पार्श्वभूमीच प्रश्नांची आहे. शास्त्री येशूची परीक्षा पाहण्यासाठी विचारतो. येशू त्याला उत्तर न देता दोन गोष्टी विचारतो : नियमशास्त्रात काय लिहिले आहे, आणि त्याच्या वाचनात ते कसे येते. पहिला प्रश्न उताऱ्याशी बांधलेला आहे, दुसरा वाचणाऱ्याशी. मग शास्त्री स्वतःला नीतिमान ठरविण्यासाठी आपला शेजारी कोण असे विचारतो. दृष्टान्त सांगून झाल्यावर येशू हा प्रश्नच फिरवितो : तिघांपैकी कोण त्या जखमी माणसाचा शेजारी झाला? शास्त्र्याचे उत्तर बरोबर आहे. मात्र 'शोमरोनी' हा शब्द त्यात नाही. दया करणारा, एवढेच तो म्हणतो. येशू तो शब्द त्याच्याकडून वदवून घेत नाही. जा आणि तसेच कर, एवढे सांगून त्याला सोडतो.

या उताऱ्यावर प्रश्न तयार करावयाचे झाल्यास आपण काय करावे? प्रथम, जे माहिती म्हणून सांगण्यासारखे आहे ते सरळ सांगून टाकावे. त्याचे कोडे करू नये. यरुशलेमेपासून यरीहोपर्यंतची वाट सुमारे २७ किलोमीटरांची आणि सुमारे १,००० मीटर उताराची, ओसाड डोंगरांतून जाणारी होती. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकास तसे दोन दिनार दिले. "दिनार म्हणजे किती, कोणाला ठाऊक आहे?" असे विचारल्याने शिकलेला मनुष्य उत्तर देतो आणि न शिकलेला आणखी मागे सरकतो.

त्यानंतर उताऱ्यात डोळे घालावयास लावणारे प्रश्न यावेत. "याजक आणि लेवी निर्दय होते ना?" असे विचारल्यास 'हो' याखेरीज उत्तर उरत नाही. त्याऐवजी असे विचारून पाहा : "याजकाने त्या माणसाला पाहिले, लेव्याने पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले, असे लूक तिघांविषयी सांगतो. मग फरक नेमका कोठे पडला?" किंवा, "शोमरोन्याने एकामागून एक कोणकोणत्या गोष्टी केल्या? त्यांतील कोणती सर्वांत कठीण गेली असेल?" ज्याला वाचता येत नाही, ज्याने उतारा फक्त ऐकला आहे, त्यालाही यावर बोलता येते. नंतर विचारावे : "शास्त्र्याचा प्रश्न आणि येशूचा प्रश्न यांत काय अंतर आहे?" यावर दहाजण दहा तऱ्हांनी बोलतील, आणि त्यांतील एखादे बोल तयारी करणाऱ्यालाही नवे वाटेल.

शेवटी जीवनाला भिडणारा प्रश्न. "आपण इतरांना मदत करतो काय?" हा प्रश्न चांगला दिसतो, पण तो आपल्याला नेहमी शोमरोन्याच्या जागी बसवितो. दृष्टान्तातील दुसरी जागा पाहा : "आपण कधी त्या रस्त्यात पडलेल्या माणसासारखे झालो होतो काय? तेव्हा कोणाच्या हातून मदत घेणे आपल्याला जड गेले? का?" येथे जावेचे नाव आठवते. येथे जात आठवते. आपण ख्रिस्तात एक आहोत असे म्हणूनही ज्याच्या घरचे पाणी आपल्याला आतून नकोसे वाटते, तो माणूस आठवतो. असा प्रश्न विचारणे सोपे नाही, आणि म्हणूनच त्याविषयी एक नियम पाळणे मला अत्यावश्यक वाटते : ज्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देण्यास आपण तयार नाही, तो दुसऱ्यास विचारू नये. आपण आधी त्या प्रश्नाखाली उभे राहिलो असलो तरच इतरांना त्याखाली उभे करण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.

येथे दोन शंका निघतात. पहिली अशी की, उत्तर मोकळे सोडल्यास ज्याला जे वाटेल तो ते बोलेल आणि वचनाचा अधिकार राहणार नाही. ही भीती निराधार नाही. "मला असे वाटते" यापुढे जातच नाही अशी चर्चा आपण पुष्कळ ऐकतो. परंतु यावरचा उपाय मोकळीक काढून घेणे हा नव्हे. ती वचनाला बांधणे हा होय. कोणी काही मत मांडले तर प्रेमाने विचारावे, "हे आपल्याला कोणत्या ओळीत दिसले?" बिरुयातील लोक पौलाचेही बोलणे तसेच न स्वीकारता रोज शास्त्र शोधून पाहत, आणि लूक प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात त्यांची थोरवी सांगतो. वचन स्वतःचे रक्षण करण्यास समर्थ आहे. अभ्यास चालविणाऱ्याने त्यावर पहारा करण्याऐवजी सर्वांना त्याकडे न्यावे, म्हणजे तोही इतरांबरोबर वचनाच्या अधिकाराखाली येतो.

दुसरी शंका याच्या उलट आहे : मनाला भिडणारे प्रश्न विचारता विचारता आपण लोकांची गुपिते तर उकरून काढणार नाही ना? हाही धोका खरा आहे. १७३८ साली जॉन वेस्ली यांनी लहान गटांसाठी जे नियम केले त्यांत आठवड्याभरात घडलेल्या पापांविषयी थेट प्रश्न होते. परंतु गटात घेण्यापूर्वीच प्रत्येकास विचारले जाई की, आपले दोष कोणी स्पष्ट सांगावेत अशी आपली इच्छा आहे काय. ज्याने होकार दिला त्यालाच ते प्रश्न विचारले जात. जेथे शेजारीपाजारी, सासूसुना, मालक आणि कामगार एकत्र बसतात, तेथे तसा होकार कोणी दिलेला नसतो. म्हणून तेथे प्रश्न असा असावा की ज्याला बोलावयाचे आहे तो बोलेल आणि ज्याला गप्प राहून देवाशीच बोलावयाचे आहे त्यालाही तसे करता येईल. त्याचे नाव घेऊन उत्तर मागणे हे दार उघडणे नव्हे, दार फोडणे होय.

गप्प बसणाऱ्यांविषयी आणखी थोडे. बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत आजीआजोबांची मराठी वेगळी आणि नातवंडांची बोली वेगळी, असे चित्र अनेकदा दिसते. जुन्या ग्रंथिक भाषेतला प्रश्न तरुणाला परका वाटतो, आणि तो अश्रद्ध आहे असा आपण समज करून घेतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सर्व पवित्र शास्त्र मराठीत आणले, आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. साध्या स्त्रियांनाही वचन समजावे ही त्यामागची तळमळ होती. एवढे कष्ट आपण करू शकणार नाही. पण आपला प्रश्न ज्याला विचारावयाचा त्याच्या तोंडच्या भाषेत मांडणे एवढे तर करू शकतो.

प्रश्न विचारून झाल्यावर थांबावे. शांतता पसरली की आपल्याला ती अपयशासारखी वाटते, आणि आपण स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. पुढे त्यांनी जी लांबलचक भाषणे केली, त्यांच्यापेक्षा ते मौन अधिक प्रेमाचे होते. कोणी उशिरा, चाचरत, अर्धवट बोलले तर ते पूर्ण करण्याची घाई करू नये. कदाचित ते वाक्य त्या माणसाने अनेक वर्षांत पहिल्यांदा उच्चारलेले असेल.

प्रिय वाचकहो, पुढल्या आठवड्यात आपल्यावर शास्त्राभ्यासाची पाळी असेल तर पंधरा प्रश्न लिहू नका, पाचसहा पुरेत. उतारा आधी प्रार्थनापूर्वक तीनचार वेळा वाचा. आपल्याला स्वतःला त्यात काय कळत नाही आणि काय बोचते, ते लिहून काढा. चांगले प्रश्न बहुधा त्या दोन याद्यांतच सापडतात. मग प्रत्येक प्रश्नाविषयी स्वतःला विचारा : हा उताऱ्यातून निघाला आहे काय? माझ्या गटातील सर्वांत अबोल व्यक्तीला यावर बोलता येईल काय? आणि माझ्या अपेक्षेबाहेरचे उत्तर आले तर ते ऐकून घेण्याची माझी तयारी आहे काय? या तिसऱ्या प्रश्नाला नकार येत असेल, तर तो प्रश्न खोडून त्याजागी आपले म्हणणे सरळ सांगावे; तेच अधिक प्रामाणिक होईल.

बाराव्या वर्षी येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत व त्यांना प्रश्न करीत होता, असे लूक सांगतो. ऐकणे आधी आणि विचारणे नंतर, हा क्रम आपल्या घरोघरच्या सभांत येवो, आणि ज्यांना आजवर कोणी काही विचारले नाही त्यांचा आवाज आपल्या कानी पडो, हीच प्रभूजवळ प्रार्थना.